गुरुवारचा पाराशा आणि शनिवारचं सिनेगॉग

प्रश्न : वडोदऱ्यात शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. लहानपण दांडिया बाजारात गेलं, त्यामुळे कीर्तन-प्रवचनाची आवड पहिल्यापासून. आमच्या सोसायटीत एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचं ज्यू, कुटुंब आहे, घरात मराठीच बोलतात. त्यांच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ जण जमून तोराचा, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा भाग वाचतात आणि त्यावर बोलतात. काकूंनी मला बोलावलं, म्हणून चार वेळा गेले. पहिल्या दिवशी सृष्टीच्या उत्पत्तीचा भाग वाचून गेले, तर तिथे मोशे केव्हाच वाळवंटात पोचला होता. दुसऱ्या वेळी माझ्या मराठी पुस्तकातून मोठ्यानं वाचताना 'यहोवा' म्हटलं आणि सगळे एकदम गप्प झाले. पुढच्या खेपेला अख्खा तास एका ओळीवर गेला. मी विचारलं, "पण यातून बोध काय घ्यायचा?" काकू हसून म्हणाल्या, "इतक्यात?" आता ही मंडळी पुढच्या महिन्यात शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, अहमदाबादच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, जाणार आहेत आणि मलाही चला म्हणतात. घरातून ऐकायला मिळतं, आपण कशाला त्यांच्यात? जाऊ का? गुरुवारची तयारी कशी करू? आणि तिथे गेल्यावर हातून काही चुकायला नको, त्यासाठी काय पाहू?

उत्तर : ताई, जरूर जा. गुरुवारीही जा आणि शनिवारीही.

तुमच्या पत्रातले तिन्ही प्रसंग एकाच कारणानं घडले आहेत. प्रवचनाला जावं तशा तुम्ही तिथे गेलात. प्रवचनात पोथी वक्त्यापुढे असते. तो उलगडून सांगतो, आपण ऐकतो आणि उठताना काहीतरी पदरात घेऊन उठतो. पाराशाच्या, म्हणजे त्या आठवड्याच्या भागाच्या, बैठकीत पुस्तक प्रत्येकाच्या पुढ्यात उघडं असतं आणि बोलणं सुरू होतं ते जिथे वाचणारा अडतो तिथून. नुसतं ऐकणारा असा तिथे कुणी धरलेलाच नसतो. तेव्हा घरून तो भाग वाचून आणि अडलेली एक तरी जागा हेरून गेलात, की तुम्ही त्या बैठकीतल्याच झालात.

आधी तुमची तारखांची अडचण सोडवू. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. मराठी बायबलमध्ये ते उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी सापडतात. वाचनासाठी त्यांचे ५४ भाग केले आहेत. प्रत्येक भाग म्हणजे एक पाराशा, आणि त्याचं नाव सुरुवातीच्या एखाद्या ठळक शब्दावरून पडतं : बेरेशीत, नोआख, लेख लेखा असं. वाचनाचं वर्ष फिरतं सिम्हाथ तोराच्या सणाला. त्या दिवशी शेवटचा भाग संपवून लगेच पहिल्या ओळी वाचतात, म्हणजे ग्रंथ मिटला असं कधी होतच नाही. २०२६ साली भारतात हा सण ४ ऑक्टोबरला आहे आणि त्यानंतरचा बेरेशीतचा शनिवार १० ऑक्टोबरला. गुरुवारी चर्चा होते ती येणाऱ्या शनिवारच्या पाराशाची. सोमवार-गुरुवारच्या सकाळी येत्या शनिवारच्या पाराशाची सुरुवात सिनेगॉगमध्ये वाचायची चाल जुनी आहे, तेव्हा काकूंनी वार कसाही निवडला असो, तो चपखल आहे.

आता ५४ भाग ५० ते ५५ शनिवारांत बसवायचे कसे? इथे तुम्हाला अधिक महिन्याची आठवण होईल आणि ती अगदी योग्य आहे. ज्यू पंचांगही चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ घालतं. १९ वर्षांत ७ वेळा एक महिना जादा येतो. आपल्याकडे अधिक महिना बदलत राहतो, २०२६ मध्ये तो ज्येष्ठ आहे. त्यांच्याकडे मात्र दोनदा येतो तो नेहमी अदार हा महिनाच. ज्यू वर्ष ५७८७ असं तेरा महिन्यांचं आहे, म्हणून २०२७ चा पेसाह हा वसंतातला सण पार २२ एप्रिलपर्यंत लांबतो. अशा वर्षी बहुतेक पाराशा सुट्या वाचल्या जातात. बारा महिन्यांच्या वर्षी शनिवार कमी पडतात आणि सात ठरलेल्या जोड्यांपैकी काही जोडून वाचतात. शिवाय शनिवारी मोठा सण आला तर त्या दिवशी सणाचं वाचन, पाराशा आठवडाभर पुढे. एवढं सगळं बोटांवर मोजत बसू नका. 'हेबकॅल' या संकेतस्थळावर तारीख टाकली की पाराशाचं नाव, अध्याय आणि ओळी समोर येतात.

तिथे एक खूण मात्र तपासायची. 'इस्रायल' आणि 'इस्रायलबाहेर' अशी दोन वेळापत्रकं असतात, आपल्याला दुसरं हवं. इस्रायलमध्ये पेसाह सात दिवसांचा आणि शाबुओथ हा सण एक दिवसाचा. बाहेर या दोन्हींना एकेक दिवस जादा. तो जादा दिवस शनिवारी आला की इस्रायलमध्ये नेहमीची पाराशा वाचतात, इथे सणाचं वाचन होतं, आणि दोन्हीकडची गाडी काही आठवडे एका डब्यानं पुढे-मागे चालते. २३ मे २०२६ ला असंच झालं : तिकडे नासो ही पाराशा, इथे शाबुओथचा दुसरा दिवस, आणि नासो इथे ३० मेला. बेने इस्रायली घरांत नातेवाईक बहुधा इस्रायलमध्ये असतात आणि पाराशावरचे संदेश तिथून येतात. त्यावर विसंबून तयारी केली तर पुन्हा पहिल्या दिवसासारखं व्हायचं.

पुस्तकाबद्दल. तुमच्याकडचं मराठी बायबल वाचनाला चालेल, पण ते वापरताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली 'यहोवा'ची. हिब्रूत परमेश्वराचं नाव चार अक्षरांनी लिहिलेलं असतं आणि ज्यू माणूस ते लिहिलं तसं उच्चारत नाही. प्रार्थनेत आणि ग्रंथवाचनात तिथे 'अदोनाय' म्हणतात, एरवी बोलताना 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाम'. काही मराठी भाषांतरांत यहोवा छापलेलं असतं. तिथे तुम्ही सरळ 'परमेश्वर' वाचा. त्या दिवशी सगळे गप्प झाले ते रागानं नव्हे. आपल्या जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसत, तो संकोच आठवा आणि तो शंभर पटींनी वाढवा, म्हणजे त्या शांततेचा अंदाज येईल. काकूंना एकदा म्हणा, "मला ठाऊक नव्हतं," आणि विषय संपवा.

दुसरी, 'जुना करार' हा शब्द. जुना म्हटलं की त्याची जागा घेणारा नवा आहे असं त्यात येतं, आणि हे ज्यूंना मान्य नाही. तोरा म्हणा. सगळ्या ग्रंथांबद्दल बोलायचं असेल तर तनाख. तळटीपा ख्रिस्ती संदर्भांकडे नेतात, त्या बैठकीत वाचून दाखवू नका. तिसरी गोष्ट ओळींच्या क्रमांकांची. बऱ्याचशा मराठी आवृत्त्यांत आणि हिब्रूत काही ठिकाणी एका ओळीचा फरक पडतो. उत्पत्ती ३१ ची ५५ वी ओळ हिब्रूत ३२ व्या अध्यायाची पहिली असते, म्हणून वायिश्लाख ही पाराशा हिब्रूत ३२:४ ला सुरू होते आणि तुमच्या पुस्तकात ३२:३ ला. सगळे एक वाचताहेत आणि आपल्यापुढे भलतंच, असं झालं की एक ओळ मागे-पुढे पाहा.

शक्य असेल तर काकूंकडून हुमाश बघायला मागा. हुमाश म्हणजे पाच ग्रंथ पाराशांप्रमाणे छापलेलं पुस्तक. हिब्रू, शेजारी इंग्रजी, खाली टीका, म्हणजे ओळींवरचं भाष्य. ते उजवीकडून उघडतं. 'सेफारिया'वर हाच मजकूर टीकांसकट फुकट वाचता येतो, ओळीवर बोट ठेवलं की त्या ओळीवर कोण काय म्हणालं ते बाजूला उघडतं.

तयारीला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एका पाराशात सरासरी शंभराच्या वर ओळी येतात. सगळ्यात लांब नासो १७६ ओळींची, सगळ्यात छोटी वायेलेख ३० ची. शनिवारी वाचताना पाराशाचे सात तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला एकेकाला वर बोलावतात. हे सात तुकडे हुमाशमध्ये खुणा करून दाखवलेले असतात. तुमची बैठक गुरुवारी, म्हणून रविवार ते मंगळवार रोज दोन तुकडे आणि बुधवारी उरलेला एक, असं वाचा. मोठ्यानं वाचा, शाळेत धडा वाचून दाखवायचात तसं. डोळ्यांनी वाचलं की ओळखीची गोष्ट म्हणून नजर पुढे सरकते. जिभेला मात्र प्रत्येक शब्द घ्यावाच लागतो आणि पुन्हा आलेला शब्द कानाला लगेच कळतो. तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात असा पाठ सांगितला आहे की दर आठवड्याचा भाग दोनदा मुळातून आणि एकदा भाषांतरातून वाचावा. त्या काळचं भाषांतर अरामीत होतं, कारण लोक तीच भाषा बोलत. बोलीभाषेतून तोरा समजून घेणं तेव्हापासून चालत आलं आहे, म्हणून मराठीतून वाचते याचा संकोच बिलकुल नको. १८४६ साली मुंबईत पेसाहला वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली होती, आणि एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायलींनी तोरातल्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली. अभंग, आर्या, साकी या सगळ्यांतून अब्राहाम आणि योसेफ गाऊन झाले आहेत. काकूंच्या घरात त्यांतलं काही कुणाच्या स्मरणात असेल तर अवश्य ऐका.

आता एका ओळीवर तास का जातो, ते दाखवते. तुम्ही पहिल्यांदा वाचून गेलात ती पाराशा बेरेशीत, म्हणून तिच्यातलीच ओळ घेऊ. उत्पत्ती ४:८. काइन आणि हेबेल या सख्ख्या भावांची गोष्ट. हिब्रू शब्द जसेच्या तसे मराठीत आणले तर असे येतात : "काइन आपला भाऊ हेबेल याला म्हणाला. आणि ते शेतात असताना काइन आपला भाऊ हेबेल याच्यावर उठला आणि त्याला ठार मारलं."

काय म्हणाला? हिब्रूत ते नाहीच. 'म्हणाला' आहे आणि पुढे काही नाही. काही भाषांतरांत तिथे "चल, आपण शेतात जाऊ" असं वाचायला मिळतं. प्राचीन ग्रीक भाषांतरातही ते आहे. तुमच्या पुस्तकात ते असेल तर तुम्हाला ती फट दिसणारच नाही, आणि बैठकीत सगळे कशावर बोलताहेत तेही कळणार नाही. म्हणून दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचायची. जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे हिब्रूत काहीतरी अडचण आहे असं नव्वद टक्के समजा. गुरुवारचा तुमचा प्रश्न तिथेच मिळतो.

मग टीकाकारांकडे जायचं. पहिला बहुधा राशी, फ्रान्समधल्या त्रॉयचा, १०४० ते ११०५. तो म्हणतो, काइनानं भांडण उकरून काढलं, मारायला निमित्त हवं म्हणून. आणि पुढे जोडतो की यावर कथा पुष्कळ आहेत, पण ओळीचा सरळ अर्थ हा. इब्न एझ्रा हा दुसरा टीकाकार व्याकरणाचा पक्का. त्याला वाटतं की देवानं काइनाची जी कानउघाडणी केली होती, तीच त्यानं भावाला सांगितली. म्हणजे 'म्हणाला'चा विषय आधीच्या ओळीत आहे. आणि बेरेशीत राब्बा हा जुना मिद्राश, म्हणजे ओळींवरच्या कथा-भाष्यांचा संग्रह, ती रिकामी जागा भांडणानं भरून काढतो. दोघा भावांनी जगाच्या वाटण्या केल्या. एकानं जमीन घेतली, दुसऱ्यानं जंगम मालमत्ता. एक म्हणाला, "तू उभा आहेस ती जमीन माझी, उड वर." दुसरा म्हणाला, "तुझ्या अंगावर आहे ते माझं, काढ." तिथून ते शेतातल्या मारामारीपर्यंत गेलं. त्याच मिद्राशात आणखी दोन मतं आहेत : मंदिर कुणाच्या वाट्याच्या जागेत बांधायचं यावरून, आणि एका स्त्रीवरून. जमीन, धर्म, बाई. ताई, आपल्या कोर्टांत पडून असलेले भावाभावांचे दावे डोळ्यांपुढे आणा आणि मग ते "उड वर" परत वाचा.

एवढ्यावरही ती ओळ संपत नाही. पेन्सिल घेऊन चौथ्या अध्यायाच्या २ ते ११ ओळींत 'भाऊ' शब्द मोजा. हिब्रूत तो बरोबर सात वेळा येतो. नुसतं 'हेबेल' म्हणून भागलं असतं तिथेही 'तुझा भाऊ' आहे. दहाव्या ओळीत 'तुझ्या भावाचं रक्त' आहे, पण हिब्रूत रक्त हा शब्द अनेकवचनी आहे. मिश्ना या जुन्या कायदेसंग्रहात, सान्हेद्रिन ४:५ मध्ये, फाशीच्या खटल्यातल्या साक्षीदारांना बजावताना हेच अनेकवचन पुढे केलं आहे : त्याचं रक्त आणि त्याच्यापासून होणाऱ्या सगळ्या संततीचं रक्त. एक जीव घेतला त्यानं एक जग बुडवलं, हे प्रसिद्ध वाक्य तिथलंच. व्याकरणातल्या एका वचनावरून न्यायालयातल्या साक्षीदाराच्या जबाबदारीपर्यंत माणसं पोचली. त्या तासाला शब्दांचा कीस म्हणावंसं वाटेल तेव्हा हे आठवा. तुम्ही मुलांना 'इथे कवीनं हाच शब्द का योजला' म्हणून गुण देत होतात ना, तेच काम आहे.

म्हणून 'बोध काय' हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा. तो आधी विचारला की दार बंद होतं. त्याऐवजी उपयोगी पडतील असे प्रश्न : हा शब्द दोनदा का आला? मधेच कुणी गप्प का आहे? हे वाक्य अपुरं का वाटतं? राशीला इथे नेमकं काय खटकलं असेल? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. राशी विनाकारण लिहीत नाही. त्यानं टीप दिली म्हणजे ओळीत काहीतरी टोचणारं आहे, ते आधी शोधायचं आणि मग त्याचं उत्तर वाचायचं. नेखामा लेबोविट्झ या शिक्षिकेनं १९४२ पासून पुढे कित्येक वर्षं दर आठवड्याच्या पाराशावर प्रश्नपत्रिका काढून लोकांना टपालानं पाठवल्या आणि आलेली उत्तरं स्वतः तपासली. त्या पत्रिकांत उत्तरं नसत, प्रश्नच असत.

वहीत तीन रकाने आखा. ओळीचा क्रमांक, माझा प्रश्न, आणि कुणी काय उत्तर दिलं. तिसऱ्या रकान्यात नाव लिहायला विसरू नका, राशी की मिद्राश की काकू. दोन महिन्यांनी तुम्हालाच कळायला लागेल की कोण सरळ अर्थाकडे ओढतो आणि कोण कथेकडे.

आता थोडं नाजूक. "आमच्याकडे पण अगदी असंच आहे" हे वाक्य तुमच्या जिभेवर सारखं येईल. पहिले काही महिने ते आवरा. भरताचा बंधुभाव, कौरव-पांडवांच्या वाटण्या आठवतीलच, पण ते बोलून दाखवलं की चर्चा त्या ओळीवरून उठते आणि सगळे सौजन्यानं रामायण-महाभारताबद्दल बोलू लागतात. त्या गुरुवारची ओळ अर्धवट राहते. तुलना वहीत लिहा, चहाच्या वेळी काकूंना सांगा. त्यांनी विचारलं तर मात्र मोकळेपणानं बोला.

आणि वर्ष फिरता फिरता तुम्ही निर्गम २० आणि ३२ वर पोचाल. मूर्ती करू नका ही आज्ञा आणि सोन्याच्या वासराची गोष्ट. अनुवाद १२ त्याहून कडक आहे. रोज देवापुढे निरांजन लावणाऱ्या बाईला हे वाचताना आत कुठेतरी लागतं, आणि ते लागू द्यावं. गप्प बसून कडवट होऊ नका आणि 'सगळे एकच सांगतात' म्हणून ते पुसूनही टाकू नका. विचारा : वासरू करणाऱ्यांना नेमकं काय हवं होतं? मोशेला यायला उशीर झाला म्हणून त्यांनी ते केलं, असं ओळच सांगते. टीकाकार तिथे भरभरून बोलतात. काकूंच्या घरच्यांनाही हा प्रश्न अवघड वाटत असेल. शेजारीण समोर बसलेली असताना ते वाचणं त्यांनाही सोपं नाही. तुम्ही शांतपणे विचारलंत तर त्या घरावरचं दडपण उतरेल.

लेवीय ग्रंथ सुरू झाला की गळती लागते, हेही सांगून ठेवते. यज्ञातले बळी, शुद्धी-अशुद्धी, त्वचेवरचे डाग. तज्रिया-मेत्सोरा या पाराशांत मराठीत बहुधा कुष्ठरोग किंवा महारोग छापलेलं असतं. तो शब्द फसवा आहे. हिब्रू शब्द त्साराअथ, आणि तो डाग कपड्यावर पडतो, घराच्या भिंतीवरही पडतो. भिंतीला कुष्ठरोग होत नाही. जुन्या आचार्यांनी तो परनिंदेशी जोडला. हे हाताशी असलं की त्या दोन आठवड्यांत पाच ओळींऐवजी पन्नास ओळींवर बोलणं होतं.

आता शनिवार. अहमदाबादचं मागेन अब्राहाम हे गुजरातमधलं एकमेव सिनेगॉग, १९३४ सालचं, खमासा भागात. प्रवेशाची परवानगी काकूंना आधी फोन करून घ्यायला सांगा आणि आधार कार्ड जवळ ठेवा. २००८ साली मुंबईच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून भारतभरच्या सिनेगॉगांत चौकशी कडक झाली आहे. पिशवी तपासली तर वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी चर्चा आहे की फक्त प्रार्थना आणि वाचन, हेही आधीच विचारून घ्या. आणि मिन्यानची गोष्ट माहीत असू द्या : जुन्या पद्धतीत दहा प्रौढ ज्यू पुरुष जमल्याशिवाय हातानं लिहिलेल्या गुंडाळीतून तोरा वाचत नाहीत. तेवढे नसले तर वाचन होणार नाही, छापील पुस्तकावर चर्चा मात्र होऊ शकते, तिला दहाची अट नाही.

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. काटेकोर पाळणारे त्या वेळात प्रवास करत नाहीत, म्हणून मंडळी शुक्रवारी दुपारीच निघतील. गाडीचे दोनेक तास धरा. अहमदाबादला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये साडेसातच्या सुमारास, आणि दिवे लावायचे ते त्याच्या १८ मिनिटं आधी. हिवाळ्यात "चारची गाडी पकडू" हा विचार धोक्याचा. तुमच्यावर हे नियम लागू नाहीत, पण शनिवारी दुपारी "चला, मी रिक्षा बोलावते" म्हणून त्यांना कोंडीत धरू नका.

वही-पेन तिथे नेऊ नका. लिहिणं हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ प्रकारच्या कामांत येतं. फोन बंद करून पिशवीत खोल ठेवा, फोटो नाही. पाराशाच्या पानांत आदल्या दिवशी कागदाच्या पट्ट्या घालून ठेवा आणि प्रश्न पाठ करून जा. दानपेटीत पैसे टाकायची इच्छा झाली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, त्या दिवशी पैशांना हात लावत नाहीत.

साधी साडी, डोक्यावर पदर, झालं. कुंकू, मंगळसूत्र असू द्या. फुलं, नारळ, पेढे नेऊ नका. तिथे वाहायला मूर्ती नाही आणि प्रसादही नसतो. खायचं काही घरून न्यायचंच तर आधी विचारा. वडोदऱ्याची भाकरवडी आणि लीलो चेवडो शाकाहारी असले तरी कशात तळले आणि कुणाच्या भांड्यात, हे त्यांच्या कश्रुथच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या, नियमांना महत्त्वाचं असतं. न कापलेली सफरचंदं, केळी न्या, त्याला कुणाची हरकत नसते. प्रार्थनेनंतर किद्दुश, म्हणजे पेल्यावरचा आशीर्वाद, होतो. बेने इस्रायली घरांत त्यासाठी काळ्या मनुकांचं सरबत करायची चाल आहे. घोटभर मिळालं तर बसूनच घ्या.

आत बायकांची बसायची जागा वेगळी, बहुधा वरच्या सज्जात. पुढची रांग धरा, मागे आवाज नीट पोचत नाही. मधोमध उंचवटा दिसेल तो तेबा, तिथून वाचतात. भिंतीतलं कपाट म्हणजे हेखाल, त्यात तोराच्या गुंडाळ्या. ते जेरुसलेमच्या दिशेला असतं, आपल्याकडून पश्चिमेला. भारतात गुंडाळी बहुधा लाकडी किंवा धातूच्या नळकांड्यात उभी ठेवून वाचतात. चामड्यावर हातानं लिहिलेल्या त्या मजकुरात स्वरचिन्हं नसतात, विराम नसतात, ओळींचे आकडेही नसतात. वाचणाऱ्यानं ते सगळं आठवडाभर घोकून आणलेलं असतं. बोट लावत नाहीत, हाताच्या आकाराची काडी फिरवतात, तिला याद म्हणतात. वाचताना कुणी मधेच वाचणाऱ्याला टोकलं तर दचकू नका. एक स्वर चुकला तरी दुरुस्त करायचा असतो, तो अपमान नाही.

हेखाल उघडलं आणि गुंडाळी बाहेर आली की उभ्या राहा. ती जवळून गेली तर लोक हात पुढे करून चुंबन घेतील, तुम्ही नुसता नमस्कार केलात तरी पुरे. वाचन चालू असताना उठून जाऊ नका, जायचंच असेल तर दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात. कुणी हिब्रू छापलेला कागद हातात दिला तर परत देऊन टाका. त्यावर ते नाम असतं, तो रद्दीत जात नाही आणि जमिनीवर ठेवत नाहीत. पोथीला पाय लागला तर आपण कपाळाला लावतो, तशीच भावना आहे. हुमाशवर पर्स किंवा चष्म्याची पेटी ठेवू नका. पुस्तक उघडं टाकून उठू नका.

"शब्बाथ शालोम" एवढं म्हणता आलं की झालं.

घरातल्या शंकेबद्दल : ज्यू लोक धर्मांतरासाठी कुणाला बोलावत नाहीत. ज्याला खरोखर ज्यू व्हायचं असतं त्यालाही परतवून लावण्याची जुनी रीत आहे. काकूंनी बोलावलं ते शेजारधर्मानं, आणि बहुधा बोलायला आणखी एक माणूस हवं म्हणून. सात-आठ जणांच्या बैठकीत दोघं गावाला गेली की ती मोडते. तुम्ही दर गुरुवारी वेळेवर, पाराशा वाचून येणार असाल, तर त्यांच्यासाठीही ती मोठी गोष्ट आहे. तुमच्या पतींना शनिवारी सोबत यायचं असेल तर फोनवर परवानगी घेताना त्यांचंही नाव द्यायला सांगा, आणि त्यांच्यासाठी एक टोपी न्या. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, कुठलीही साधी टोपी चालते.